एका मापाने लहान

मेदेरच्या दुकानातून बूट घ्यायचे तर आधी ते पायात चढवून वीस मिनिटं बसून राहावं लागे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हा नियम मोडत नसे. किर्गिझस्तानातल्या काराकोल शहरातले लोक त्यावरून त्याची टिंगल करत, "मेदेरकडे बूट घ्यायला निघालास? मग जेवणाचा डबा घेऊन जा." दुकान म्हणजे जनावरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठेवलेला एक जुना लोखंडी कंटेनर होता. आत कोळशाची शेगडी, कामाचं टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या स्की आणि छतापर्यंत बुटांच्या फळ्या. मार्च सरला की परत निघालेले परदेशी पाहुणे विमानात ओझं नको म्हणून आपलं सामान त्याच्याकडे टाकून जात, कुणी विकून, कुणी नुसतंच. मेदेर उन्हाळाभर ते दुरुस्त करत बसे आणि पुढच्या हिवाळ्यात विकत नाहीतर भाड्याने देई. हिवाळ्यात तो स्वतः वाटाड्या म्हणून पाहुण्यांना डोंगरात नेत असे. सेहेचाळीस वर्षांचा होता, पण चढावर पंचविशीतल्या पोरांना मागे टाकायचा.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी अल्माटीहून दिल्नाझ नावाची एक मुलगी दुकानात आली. बँकेत नोकरीला होती. मैत्रिणींबरोबर दोनदा डोंगरात जाऊन आली होती आणि आता स्वतःचं सामान घ्यायचं म्हणत होती. शेगडीजवळच्या स्टुलावर मेदेरचा थोरला भाऊ तोलोगोन चहाचा पियाला घेऊन बसला होता. तो तिच्या आधी आला होता. पण मुलीला बघून म्हणाला, "आधी हिचं बघ. मला घाई नाही."

"सगळ्यात स्वस्त काय पडेल?" मुलीने विचारलं.

"सगळ्यात स्वस्त म्हणजे घरी बसणं," मेदेर म्हणाला. "किती आणलेत?"

"चाळीस हजार सोम."

"पुरतील. पण सारखे वाटायचे नाहीत. निम्मे बुटांवर घाल."

"निम्मे? आणि स्की?"

"स्की जुनी आहे का नवी, बर्फाला काही कळत नाही. बूट कसा आहे ते पायाला पहिल्या तासात कळतं." त्याने भिंतीजवळची एक जोडी उचलून तिच्यासमोर धरली, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली. "ही बघ. वरून ओरखडे आहेत, दिसायला भिकार. पण कड सरळ आहे, तळ फाटलेला नाही. उंची तुझ्या नाकापर्यंत. नवशिक्याला एवढं बास. रंगासाठी पैसे देऊ नकोस."

मग त्याने तिला पकडी दाखवल्या. बुटाचा पुढचा भाग स्कीला धरून ठेवणारी आणि चढताना टाच मोकळी सोडणारी ती पकड कुठे झिजते, प्लास्टिक थंडीत कुठे तडकतं, जुनी घेताना बोट कुठे फिरवून बघायचं. मग कामुस काढले. कामुस म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायच्या लवदार पट्ट्या. त्या लावल्या की स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही आणि माणूस डोंगर चढू शकतो. वर पोचलं की सोलून काढायच्या आणि उतरायचं. "जुने घे, पण गोंद नवा लावलेला घे. बर्फात गोंद सुटला की तू स्की पाठीवर घेऊन कमरेएवढ्या बर्फात चालणार. आणि बीपर जुना घ्यायचा नाही. हिमलोटाखाली गाडली गेलीस तर तू कुठे आहेस ते तोच सांगणार. पैसे उरले नाहीत तर भाड्याने घे. जाकीट-बिकीट घेऊ नकोस. आजीने विणलेला स्वेटर असेल ना?"

"आहे."

"मग झालं."

बुटांना तर त्याने पाऊण तास घालवला. आतला मऊ जोडा बाहेर काढला, नुसत्या कवचात तिचं पाऊल घातलं, बोटं पुढे टेकवायला लावली आणि टाचेमागे स्वतःची दोन बोटं घालून बघितली. "एक बोट मावलं तर घट्ट, तीन मावली तर सैल." पहिला जोडा बाद, दुसरा बाद. तिसरा घालून तिला बसवलं, घड्याळ लावलं. ती कंटाळली तेव्हा तिला जवाच्या लाह्या दिल्या. वीस मिनिटं झाल्यावर विचारलं, "कुठे मुंग्या? अंगठा गार? खरं सांग. इथे लाजलीस तर तिथे रडशील."

तोलोगोन हे सगळं शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखं ऐकत होता. मध्येच एकदा म्हणाला, "बघ, मला वाटलं होतं माझा भाऊ लाकडं विकतो." मुलगी हसली. मेदेरही हसला.

तोलोगोन बावन्न वर्षांचा होता. सतरा वर्षं येकातेरिनबुर्गमध्ये गोदामात माल चढवून-उतरवून तो शरद ऋतूत परत आला होता. वडील वारले तेव्हा दोघांपैकी एकाने आईजवळ राहायचं आणि एकाने रशियात कमवायला जायचं असं ठरलं होतं. थोरला म्हणून तो गेला. तसं बघितलं तर डोंगराचं वेड त्यालाच जास्त होतं. जिर्गालानला, खाणीच्या गावात, दोघं लहानाचे मोठे झाले. शाळेच्या शर्यतीत तोलोगोन नेहमी पहिला यायचा आणि मेदेर कसाबसा चौथा-पाचवा. पण तो गेला आणि मेदेर राहिला. पुढे परदेशी पाहुणे यायला लागले, मेदेर त्यांच्याकडून चढायची ही रीत शिकला, नाव झालं. तोलोगोनची बायको तिकडेच आजारी पडून गेली. मुलगी लग्न होऊन बिश्केकला होती. आता तो जिर्गालानलाच आईच्या घरी राहत होता, कुंपण दुरुस्त करत होता, मेंढ्या बघत होता.

आल्यापासून त्याने मेदेरकडे एकच गोष्ट मागितली होती. "तू फोनवर फोटो पाठवायचास ना, पांढऱ्या उतारावर ठिपक्यांची रांग, त्यातला पहिला ठिपका तू. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पेट्यांवर बसून ते बघायचो. मी बाकीच्यांना सांगायचो, हा माझा भाऊ. मला ते चढणं शिकव. उतरायचं जमेल न जमेल."

मेदेर तेव्हा म्हणाला होता, "बर्फ पडू दे, बायके." थोरल्या भावाला ते तसंच म्हणत.

आता बर्फ पडलं होतं. दिल्नाझ सामान घेऊन गेली आणि तोलोगोनने पियाला खाली ठेवला. "आता माझं बघ. तिला सांगितलंस तसंच. मीही नवशिकाच."

नेमका तेव्हा फोन वाजला. नऊ नॉर्वेजियन पाहुणे, जे शुक्रवारी यायचे होते, ते उद्याच येऊन थडकणार होते. घोडे, तंबू, स्वयंपाकीण, सगळं दोन दिवस आधी हलवायचं होतं. मेदेर एका खांद्याने फोन धरून बोलत होता आणि दुसऱ्या हाताने भावासाठी सामान काढत होता. स्की एक बरी मिळाली. पकड जुन्या जड चौकटीची होती, नवशिक्याला चालून जाईल अशी. कामुस कोपऱ्यातल्या खोक्यातले, गोंद तीन वर्षांपूर्वीचा.

बुटांपाशी तो जरा थांबला. तोलोगोनचं पाऊल साडेसत्तावीस सेंटिमीटरचं. त्या मापाचा एकच जोडा दुकानात होता, निळा, हलका, एका स्विस बाईच्या नवऱ्याने दोनदाच घातलेला. त्याला गिऱ्हाईक चांगलं मिळालं असतं. त्याच्या खालच्या फळीवर साडेसव्वीसचे जुने करडे बूट होते, जे दोन हिवाळे कुणी उचलले नव्हते.

"ते निळे काय आहेत?" तोलोगोनने विचारलं.

"ते ठेवलेत एकासाठी," मेदेर म्हणाला आणि करडे बूट खाली काढले. "हे घालून बघा."

तोलोगोनने घातले. कपाळाला आठी पडली. "घट्ट वाटतात रे."

"घट्टच असायला हवेत, बायके. दोनदा घातले की सैल होतात."

"वीस मिनिटं बसू का?"

"तुम्ही आपल्या घरचे. घरी जाऊन बसा आरामात." फोन पुन्हा वाजत होता. "आणि रविवारी आपण जाऊच. मी असेन बरोबर."

तोलोगोनने खिशातून पैसे काढले. "किती झाले?"

"काय करताय? तुमच्याकडून पैसे घेऊ?"

"घे की. मी गिऱ्हाईक म्हणून आलोय."

"ठेवा ते. लाज काढू नका माझी."

तोलोगोन सामान खांद्यावर टाकून निघाला तेव्हा दारात क्षणभर अडखळला. लांब स्की चौकटीला आपटली. "रविवारी," तो म्हणाला.

रविवारी मेदेर पाहुण्यांबरोबर वरच्या खोऱ्यात होता. त्याच्या पुढच्या रविवारी एका पाहुण्याचा गुडघा मुरगळला, त्याला खाली आणावं लागलं. तिसऱ्या रविवारी काहीच अडचण नव्हती. मेदेर घरी होता, दमलेला होता, बायकोने, बुरुलने, मटण-बटाट्याचं कुर्दाक केलं होतं, आणि त्याने फोन करून सांगितलं, "बायके, आज हवा बरी नाही." हवा बरी होती. खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होते.

पुढे त्याने कितीदा तरी त्या दिवसाचा विचार केला. दमणूक खरी होती. पण नुसती दमणूक नव्हती. भावाबरोबर चढायचं म्हणजे काय होईल ते त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तोलोगोन धडपडेल, दुसऱ्या दिवशी सरळ उभा राहील आणि एका महिन्यात पुढे जाईल. उभ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती, जिच्यात मेदेर थोरला होता. असा विचार त्याने तेव्हा केला होता असं नाही. तेव्हा त्याने फक्त कुर्दाक खाल्लं आणि झोपला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तोलोगोन सेयितबरोबर गेला. सेयित हा निवृत्त वनरक्षक, पासष्टीचा, गावातलाच. त्याच्याकडे घोड्याची कातडी लावलेल्या जुन्या रुंद लाकडी स्की होत्या, त्यांवरून तो आयुष्यभर जंगलात फिरला होता. दोघांनी शहाणपणाची वाट निवडली. ओढ्याकाठाने सरळ वर, उन्हाळ्यात मेंढपाळ राहतात त्या झोपडीपर्यंत. डोक्यावर कुठे मोठा उतार नाही, हिमलोटाची भीती नाही. सकाळी उणे बावीस होतं, पण ऊन पडलं होतं.

चढताना तोलोगोनचे पाय पहिल्या अर्ध्या तासातच ठणकायला लागले. सेयितने विचारलं, "काय रे, लंगडतोस का?" त्यावर तो म्हणाला, "सुरुवातीला असंच असतं. मेदेरने सांगितलंय." पुढे ठणका थांबला. झोपडीपाशी पोचल्यावर तो सेयितला म्हणाला, "सैल झाले बघा बूट. बरोबर सांगत होता पोरगा." सेयितने हे नंतर मेदेरला जसंच्या तसं सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मेदेरला कळलं की त्या क्षणी बूट सैल झाले नव्हते, भावाचे पाय मेले होते.

झोपडीपाशी तोलोगोनने स्वतःचा फोटो काढला. तांबडा झालेला चेहरा, मिशीवर गोठलेली वाफ, मागे पांढरं खोरं. खाली 'पोचलो' एवढंच लिहिलं. तिथे फोनला रेंज नव्हती, म्हणून तो मेदेरला संध्याकाळी मिळाला. मेदेरने पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत तो बघितला आणि उत्तरादाखल एक अंगठा पाठवून दिला.

परतताना डाव्या पायाची पकड तडकली. जुनं प्लास्टिक, उणे बावीसची थंडी. टाच धरेना, स्की पायातून निघून जायला लागली. परत कामुस लावून सपाटीवरून तरी सरकत जावं म्हटलं तर एकाचा गोंद सुटला. सेयित म्हणाला, "तू इथे थांब, मी खालून घोडा घेऊन येतो." तोलोगोन म्हणाला, "घोडा कशाला? मी काय म्हातारा झालो? चालतो." दोन्ही स्की पाठीला बांधून तो मांडीएवढ्या बर्फात पाच तास चालला. घरी पोचला तेव्हा हसत होता. बूट निघेनात, तेव्हा आईने आणि सेयितने मिळून ओढले.

सकाळी आईचा फोन आला. "मेदेर, गाडी घेऊन ये. तोलोगोनच्या बोटांना मी हात लावते तर लाकडाला हात लावल्यासारखं वाटतं."

काराकोलच्या इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, शांत बोलणारा. त्याने पाय बघितले आणि मेदेरला बाहेर बोलावलं. "आत्ता काही कापायचं नाही. वाट बघायची. काय जगतं आणि काय नाही ते शरीरच दाखवतं. पाच-सहा आठवडे." मग त्याने विचारलं, "बूट कुणी दिले?"

"मी," मेदेर म्हणाला.

 डॉक्टरने नुसती मान हलवली आणि तो लिहायला लागला.

ते सहा आठवडे मेदेरने दिवस मोजले नाहीत, बोटं मोजली. रोज दुपारी तो आईने नाहीतर बुरुलने केलेलं गरम सूप घेऊन जाई. आधी फोड आले, मग जांभळं पडलं, मग पाच बोटं सुकून काळी व्हायला लागली, उजव्या पायाची अंगठ्यासकट तीन आणि डाव्याची दोन. तोलोगोन त्या बोटांकडे कुणा परक्याचं काही बघावं तसा बघायचा. खोलीतल्या इतर रुग्णांना सांगायचा, "हा माझा भाऊ. वरच्या डोंगरात याच्याइतकं कुणाला कळत नाही." मेदेर मान खाली घालून चमचा पुसत बसायचा.

एकदा मेदेर म्हणाला, "बायके, दुखायला लागलं तेव्हाच परत का नाही फिरलात?"

"अरे, मला काय ठाऊक, किती दुखलं म्हणजे जास्त. कधी केलंय का मी?" तोलोगोन सहज म्हणाला. "चूक माझीच. विचारायला हवं होतं."

त्याने विचारलं होतं. 'वीस मिनिटं बसू का' असं विचारलं होतं. मेदेरला ते आठवलं. भावाला आठवत होतं की नाही ते कळत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

घरी त्याने बुरुलला सगळं सांगितलं. निळे बूट कुणासाठीच ठेवलेले नव्हते, हेसुद्धा. बुरुल कणीक मळत होती. 

"पैसे घेतले असतेत तर नीट दिलं असतंत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या पोरीला तुम्ही पाऊण तास दिलात. ती कोण, कुठली. फुकट द्यायचं म्हटलं की माणूस अडगळ शोधतो. भावाला अडगळ दिलीत." मग तिचाच आवाज खाली आला. "त्यांना सांगितलंत का?"

"नाही."

"सांगा."

मार्चच्या सुरुवातीला पाच बोटं कापली. त्या हिवाळ्यात मेदेरने उरलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या वाटाड्याकडे पाठवलं. लोक म्हणाले, भावासाठी करतोय, चांगला माणूस. भावासाठी काय, तो दुकानात नुसता बसून राहत होता. कुणी बूट मागितले तर वीस मिनिटांऐवजी तीस मिनिटं बसवायचा, आणि गिऱ्हाईक चिडून निघून गेलं तरी त्याला काही वाटायचं नाही.

सांगणं मात्र होत नव्हतं. इस्पितळात दहा माणसं असायची. घरी आई असायची. मग बटाटे लावायचा दिवस आला, मे महिन्यातला. गावातल्या वाफ्यात दोघंच होते. तोलोगोन काठीवर रेलून खड्डे करत होता, मेदेर त्यात बटाटे टाकत होता. तोलोगोन आता टाचांवर भार देऊन चालायचा, बर्फावर घसरू नये म्हणून माणूस जपून चालतो ना, तसा. उन्हाळ्यातही.

"बायके, ते निळे बूट," मेदेर म्हणाला. "फळीवरचे. ते कुणासाठी ठेवले नव्हते."

तोलोगोनने पुढचा खड्डा केला. "कुठले निळे?"

"तुम्ही विचारलंत, ते काय आहेत. मी म्हटलं, एकासाठी ठेवलेत. कुणी नव्हतं. तुमच्या मापाचे होते. विकले जातील म्हणून दिले नाहीत."

तोलोगोन काठी टेकून उभा राहिला. समोर बघत होता. डोंगरावरचं बर्फ अर्ध्यावर आलं होतं, खाली कुरणं हिरवी होत होती.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे कुणासाठीही होते, फक्त माझ्यासाठी नव्हते."

मेदेरला वाटलं होतं तो रागावेल. काठी उगारली असती तरी चाललं असतं. लहानपणी तोलोगोनचा हात लगेच उठायचा आणि मग संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं जायचं.

"आणि रविवारी हवाही चांगली होती," मेदेर म्हणाला. आता थांबवत नव्हतं. "तिसऱ्या रविवारी."

"ती मी बघितली होती," तोलोगोन म्हणाला. "डोंगर मला इथूनही दिसतात." त्याने काठी उचलली. "बटाटे इतके खोल टाकू नकोस. कुजतात."

त्यांनी तो वाफा पुरा केला. आईने हाक मारली, दोघं आत जाऊन दही-भाकरी जेवले. तोलोगोनने आईला सांगितलं की यंदा मेंढ्या विकून मधमाश्यांच्या पेट्या घ्याव्यात असं त्याच्या मनात आहे, वरच्या कुरणात फुलं चांगली येतात. मेदेरने मान डोलावली. 'माफ करा' हा शब्द त्याच्या तोंडात होता, पण तो कुठे ठेवायचा तेच त्याला कळलं नाही. तोलोगोनने तशी जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर दोघांमध्ये भांडण असं काही झालं नाही. सणाला एकत्र जेवत, आईला दवाखान्यात नेत, गवत कापायला एकमेकांना बोलावत. फक्त तोलोगोनने पुन्हा कधी डोंगर चढण्याचा विषय काढला नाही. इस्पितळात असताना तो जे सारखं सांगायचा, हा माझा भाऊ, तेही पुढे कुणाला सांगताना मेदेरच्या कानावर आलं नाही. कदाचित सांगतही असेल.

पुढच्या जूनमध्ये मेदेर तोलोगोनबरोबर मधमाश्यांच्या पेट्या वरच्या कुरणात पोचवायला गेला. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गाडीने, पुढे दोन घोड्यांवर चार-चार पेट्या बांधून पाऊण तासाची चढण. चढण साधी होती, मेदेरला ती चढणही वाटली नसती. त्याने घोड्यांचे लगाम धरले आणि मुद्दाम हळू चालायला लागला. दर वळणावर थांबायचा, पट्टे तपासल्यासारखं करायचा.

तिसऱ्यांदा थांबला तेव्हा तोलोगोन मागून म्हणाला, "तू हो पुढे. माश्या उन्हात तापतायत. मी येतो सावकाश."

"घाई नाही, बायके."

"अरे हो म्हणतो ना पुढे."

मेदेर पुढे गेला. वळणापलीकडे सूचिपर्णी झाडांची दाट रांग होती. तिथे घोडे पाणी पिण्यासाठी आपोआप थांबले आणि त्याने फांद्यांमधून मागे बघितलं. तोलोगोन वाटेच्या कडेला बसला होता. उजवा बूट काढला होता आणि उरलेल्या दोन बोटांच्या वरचा भाग दोन्ही हातांनी चोळत होता, दात आवळून. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून मग बसल्यासारखा.

मेदेरचा पाय परत वळला होता. एक पाऊल टाकलंही असेल त्याने. मग तो थांबला. आपण बघितलं हे भावाला कळता कामा नये, एवढंच आता त्याच्या हातात होतं. त्याने घोड्यांना हलकेच हाक दिली आणि चढ चढायला लागला, आवाज खालपर्यंत जावा म्हणून घोड्यांशी मोठ्याने बोलत.